पद्मिनी आणि मारुती ८०० : दोन कालखंडांतील दोन मोटारींचा तौलनिक विचार

बीजसंज्ञा : वस्तुसंस्कृती, मोटार-उद्योग, परवाना-व्यवस्था, दुरुस्ती, स्मृतिरंजन

प्रस्तावना

मराठी समीक्षाव्यवहारात वाङ्मयकृती, नाटक, चित्रपट आणि काही प्रमाणात चित्रशिल्प यांची चिकित्सा होत आली आहे. कारखान्यात लाखोंच्या संख्येने निर्माण होणारी आणि माणसाच्या रोजच्या जगण्यात मिसळून जाणारी वस्तू मात्र बहुधा समीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात सित्रोएन डीएस या मोटारीवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि मध्ययुगीन कॅथेड्रलला जे सांस्कृतिक स्थान होते, त्याच्याशी आधुनिक मोटारीची तुलना केली. वस्तूलाही एक भाषा असते आणि ती वाचता येते, हे त्यामागील सूत्र होय. प्रस्तुत लेखात या सूत्राच्या आधारे भारतीय रस्त्यांवरील दोन मोटारींचा विचार केला आहे. पहिली मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी आणि दुसरी गुडगाव येथे तयार झालेली मारुती ८००.

या दोन मोटारींविषयी दोन रूढ निवाडे आढळतात. पहिल्या निवाड्यानुसार पद्मिनी ही परवाना-व्यवस्थेच्या काळातील टंचाईची आणि साचलेपणाची खूण, तर मारुती ही त्या साचलेपणातून झालेल्या सुटकेची खूण होय. दुसरा निवाडा स्मृतिरंजनाचा आहे. त्यानुसार पद्मिनी दणकट, घरच्या माणसासारखी आणि 'खरी' मोटार ठरते, तर मारुती म्हणजे पत्र्याचा डबा. हे दोन्ही निवाडे परस्परविरोधी भासत असले, तरी दोहोंत एक समान उणीव आहे. दोन्ही केवळ मोटारीकडे पाहतात. मोटार आणि तिचा धनी, मोटार आणि तिचा कारागीर, मोटार आणि राज्यसंस्था यांच्यातील संबंधाकडे पाहत नाहीत. तो संबंध लक्षात घेतल्यास दोहोंतील खरा भेद वेगळ्याच ठिकाणी सापडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दोन जन्मकथा

पद्मिनीची जन्मकथा स्वदेशी उद्योगाच्या स्वप्नाशी जोडलेली आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत भारतीय कारखानदारी उभी करण्याचा ध्यास घेतला होता. त्यातूनच १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या वाहनांची जुळणी कुर्ल्यात होऊ लागली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. १९५० च्या दशकात प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम असणाऱ्या कंपन्यांनाच मोटार-व्यवसायात स्थान देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून मोटारींची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने त्यानंतर येथील काम बंद केले. परदेशी कंपन्यांनी मोकळ्या केलेल्या या मैदानात प्रीमिअर, हिंदुस्थान मोटर्स आणि स्टँडर्ड ही मोजकी नावे उरली.

फियाट ११०० या मालिकेतील १९५३ च्या मोटारीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले होते. त्याच मालिकेतील पुढची आवृत्ती १९६४ पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली. फियाटशी असलेल्या कराराची मुदत संपल्यानंतर १९७० च्या दशकात ती प्रथम 'प्रेसिडेंट' आणि नंतर 'पद्मिनी' झाली.

मारुतीची जन्मकथा याहून गुंतागुंतीची आहे. १९७१ मध्ये संजय गांधी यांनी स्थापन केलेली मारुती लिमिटेड ही कंपनी लोकांना परवडेल अशी मोटार बाजारात आणू शकली नाही आणि त्याच दशकाच्या अखेरीस ती अवसायनात निघाली. १९८० मध्ये केंद्र शासनाने तिची मालमत्ता ताब्यात घेतली आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही शासकीय कंपनी स्थापन झाली. १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार होऊन तिला २६ टक्के भागभांडवल देण्यात आले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली देण्यात आली.

या दोन कथा एकमेकींशेजारी ठेवल्या असता रूढ समजुतीला पहिला धक्का बसतो. टंचाईच्या काळाचे प्रतीक मानली जाणारी पद्मिनी ही खासगी उद्योजकाच्या कंपनीचे अपत्य होती, तर मुक्त बाजारपेठेची नांदी मानली जाणारी मारुती ही सरकारी मालकीच्या कंपनीत जन्मली. 'शासन विरुद्ध बाजार' या चौकटीत ही तुलना बसत नाही. ती कशात बसते, हे पाहण्यासाठी प्रथम दोन्ही मोटारींच्या रचनेकडे वळणे आवश्यक ठरते.

रचनेची भाषा

पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे आणि १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. ते पुढे, उभे बसविलेले असून शक्ती मागच्या चाकांना पोहोचत असे. मारुतीचे इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ घनसेंटिमीटर क्षमतेचे, आडवे बसविलेले आणि पुढचीच चाके फिरविणारे होते. दोहोंची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या जवळपास होती. परंतु पद्मिनीचे वजन नऊशे किलोंच्या घरात, तर मारुतीचे साडेसहाशे किलोंच्या आसपास होते. समान शक्ती कमी वजनाला जोडली गेल्याने मारुती चपळ आणि पेट्रोलच्या बाबतीत काटकसरी झाली. मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा नाहीसा झाल्यामुळे सुमारे ३.३ मीटर लांबीच्या मोटारीत चार माणसांना पाय ठेवण्यापुरती जागा मिळाली. पद्मिनीची लांबी याहून अर्ध्या मीटरने अधिक होती.

बैठकीची मांडणीही अर्थपूर्ण आहे. पद्मिनीत पुढे अखंड बाक आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर होता. त्यामुळे पुढच्या बाकावर तिसरा माणूस सहज सामावत असे आणि मांडीवरचे मूल हिशेबात धरले जात नसे. मारुतीत पुढच्या दोन आसनांमध्ये अंतर आले आणि गिअर खाली, मधोमध आला. पहिली बैठक एकत्र कुटुंबाची, तर दुसरी 'आम्ही दोघे, आमची दोन' या नव्या कुटुंबचित्राची, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेथे सावध राहिले पाहिजे. पद्मिनीचा बाक १९५० च्या दशकातील इटलीतील कुटुंबासाठी आखला गेला होता आणि मारुतीची आसने जपानमधील लहान मोटारींविषयीच्या नियमांच्या सावलीत आखली गेली होती. भारतीय कुटुंबाने या दोन्ही परकीय आराखड्यांत स्वतःला बसवून घेतले. रचनेचा अर्थ केवळ रचनाकाराच्या हेतूत नसतो. तो वापरातून घडतो.

पद्मिनी 'मागास' होती हे विधानही तपासून घ्यावे लागते. १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडल्या गेलेल्या फियाट ११०० ची स्वतंत्र सांगाडा नसलेली, पत्र्याच्या एकसंध कवचाची बांधणी त्या काळी आधुनिकच होती. दान्ते जिआकोसा यांच्यासारख्या अग्रगण्य अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ती घडली होती. इटलीत १९६९ मध्ये या मालिकेची जागा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या फियाट १२८ ने घेतली. कुर्ल्यात मात्र ती शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिली. म्हणजे पद्मिनी मागास जन्मली नाही. ती थांबून राहिल्याने मागे पडली.

येथेच रूढ निवाड्याला दुसरा धक्का बसतो. हाच आरोप मारुती ८०० वरही ठेवता येतो. १९८३ ची पहिली मारुती सुझुकीच्या १९७९ च्या आराखड्यावर आधारलेली होती. १९८६ मध्ये तिला नवे रूप मिळाले. ते जपानमध्ये १९८४ मध्ये आलेल्या आल्टोवर बेतलेले होते. जपानमध्ये ती आल्टो चार वर्षांत बदलली गेली. भारतात मात्र पुढचा चेहरा, दिवे आणि इंजिनातील काही सुधारणा वगळता तोच देह १८ जानेवारी २०१४ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, उत्पादनात राहिला. त्यातील बावीस-तेवीस वर्षे १९९१ नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेतील होत. तेव्हा जुनाच आराखडा चालू ठेवण्याची प्रवृत्ती केवळ परवाना-व्यवस्थेची देणगी नव्हती. खर्च वसूल झालेला साचा आणि किमतीला जपणारा ग्राहक यांची सांगड पडली की खुल्या बाजारातही मोटार थांबते. फरक इतकाच की पद्मिनीच्या ग्राहकाला फारसा पर्याय नव्हता आणि मारुतीच्या उत्तरकालीन ग्राहकाने पर्याय असतानाही तिची निवड केली. हा फरक लहान नाही. परंतु तो मोटारीतील फरक नव्हे, ग्राहकाच्या स्थितीतील फरक होय.

रांगेची संस्कृती

पद्मिनीच्या काळात मोटार ही विकत घेण्याची नव्हे, तर मिळण्याची वस्तू होती. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर बंधने आली. १९६९ मध्ये शासनाने किमतीही ठरवून दिल्या. त्याविरुद्ध प्रीमिअर कंपनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७१ मध्ये त्या खटल्याचा निकाल लागला. किंमत दाबलेली, उत्पादन मर्यादित आणि मागणी वाढती, अशा स्थितीत रांग अटळ होती. वर्षानुवर्षे थांबून मिळालेल्या मोटारीविषयी धन्याच्या मनात जी आसक्ती निर्माण झाली, तिचे मूळ मोटारीच्या गुणात जितके आहे, तितकेच त्या थांबण्यातही आहे. स्मृतिरंजनपर लेखनात ही गोष्ट क्वचितच नोंदविली जाते.

मारुतीने रांग संपविली, हे म्हणणेही अर्धसत्य आहे. १९८३ मध्ये नोंदणी खुली होताच लाखाहून अधिक लोकांनी अनामत रक्कम भरून नावे नोंदविली आणि पहिला ग्राहक सोडतीने निवडला गेला. देशात त्या सुमारास वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास मोटारी तयार होत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. मारुतीनेही आपले आयुष्य रांगेतूनच सुरू केले. तथापि तिच्यामागील शासकीय हेतू वेगळा होता. पद्मिनीच्या काळातील शासन मोटारीला चैनीची वस्तू मानून तिचे वाटप करू पाहत होते. मारुतीच्या काळातील शासन तिला मध्यमवर्गाची गरज मानून तिचे उत्पादन वाढवू पाहत होते. परकीय भागीदार, इंधनबचत करणाऱ्या मोटारींना करांतील सवलत आणि सुटे भाग पुरविणाऱ्या देशी कारखान्यांचे जाळे हे सर्व त्या हेतूचे भाग होते. हात एकच होता. आधी त्याने दार अडविले, नंतर तेच दार उघडले. म्हणून या दोन मोटारींतील भेद शासन असणे आणि नसणे यांतील नसून, शासनाच्या दोन भूमिकांतील आहे.

दुरुस्ती आणि ज्ञान

तुलनेचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दुरुस्तीचा होय. पद्मिनी ही बिघडणार, हे गृहीत धरूनच बाळगली जात असे. बोर घाटात चढण लागली की पाणी उकळणे, गरम झालेल्या पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवणे, प्लग काढून पुसणे, चोक किती ओढायचा याचा अंदाज असणे, हे मोटार चालविण्याच्या विद्येचेच भाग होते. त्यामुळे धन्याला, निदान चालकाला, मोटारीचे अंतरंग ठाऊक असे. जे त्याला जमत नसे ते नाक्यावरच्या गॅरेजमधील मिस्त्रीला जमत असे. मुंबईच्या टॅक्सीव्यवसायाने तर या ज्ञानाची एक समांतर पाठशाळाच उभी केली. इंजिन, डेंटिंग, रंगकाम, गादीकाम आणि विजेचे काम करणारे वेगवेगळे कारागीर या एका मोटारीवर पोसले गेले. कारखान्याने दिलेली मोटार ही जणू पहिला खर्डा होती. तिचे संपादन रस्त्यावर होत असे.

मारुतीने भारतीय मध्यमवर्गाला प्रथमच अशी मोटार दिली, की जिचे अंतरंग न कळताही ती बाळगता येत होती. सकाळी किल्ली फिरविली की इंजिन चालू होणार, हा विश्वास आज क्षुल्लक वाटतो. त्या काळी ती क्रांती होती. चालक ठेवण्याची ऐपत नसलेला नोकरदार, गाडी ढकलण्यासाठी कोणाला हाक मारण्याची वेळ नको असलेली स्त्री, प्रथमच मोटार घेणारा लहान गावचा डॉक्टर, या सर्वांसाठी मोटारीचे अज्ञान हे स्वातंत्र्य ठरले. स्मृतिरंजनपर भूमिका या स्वातंत्र्याची किंमत ओळखत नाही, ही तिची मोठी मर्यादा होय. ज्याला बिघाडाची कटकट कधी एकट्याने निस्तरावी लागली नाही, त्यालाच बिघाड रम्य वाटू शकतो.

परंतु या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही आहे. ज्ञान नाहीसे होत नाही. ते स्थलांतर करते. धन्याकडून आणि नाक्यावरच्या मिस्त्रीकडून ते कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राकडे गेले. हे स्थलांतर मारुती आली त्या दिवशी घडले नाही, हेही नोंदविले पाहिजे. आरंभीची मारुतीही कार्बोरेटरवर चालत होती आणि रस्त्यावरच्या कारागिरांनी ती लवकरच आत्मसात केली. खरा बदल २००० च्या सुमारास, प्रदूषणाचे कडक निकष आणि संगणक-नियंत्रित इंधनपुरवठा आला तेव्हा घडला. तो बदल मारुती ८०० च्याच आयुष्यात घडला. म्हणजे दोन कालखंडांतील सीमारेषा पद्मिनी आणि मारुती यांच्यामधून जात नाही. ती मारुतीच्या आयुष्याच्या मधून जाते. पूर्वार्धातील मारुती ही पद्मिनीची धाकटी बहीण होती, तर उत्तरार्धातील मारुती ही आजच्या बंदिस्त मोटारींची थोरली बहीण होय.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. दुरुस्तीच्या संस्कृतीचे हे वर्णन म्हणजे निकृष्ट उत्पादनाचे उदात्तीकरण नव्हे काय? हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. गॅरेजमधील ज्ञानाची परंपरा ही अल्प मोबदल्यावर राबणाऱ्या पोरांच्या श्रमावर उभी होती. त्यांचे शिक्षण पाना हाती देण्यापासून सुरू होई आणि प्रमाणपत्राविनाच संपे. तेथे ज्ञान होते, पण प्रतिष्ठा नव्हती. मारुतीच्या कारखान्यात जपानी पद्धतीनुसार अधिकारी आणि कामगार यांना एकच गणवेश आणि एकच उपाहारगृह आले, हे त्या तुलनेत लक्षणीय पाऊल होते. मात्र गणवेशाच्या समतेने श्रमाचे प्रश्न सुटले नाहीत, हे त्याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यात जुलै २०१२ मध्ये घडलेल्या हिंसक संघर्षाने दाखवून दिले. सारांश, एका व्यवस्थेत कारागिराला कौशल्य होते पण संरक्षण नव्हते. दुसरीत शिस्त आली, पण कौशल्यावरील स्वामित्व यंत्राकडे गेले.

नावांचे व्याकरण

लोकभाषेनेही या दोन मोटारींना भिन्न वागणूक दिली. कंपनीने राणी पद्मिनीचे नाव दिले, तरी मुंबईच्या टॅक्सीचालकाने आणि जुन्या धन्याने तिला 'फियाट'च म्हटले. नाव स्वदेशी झाले, ओळख परदेशीच राहिली. मारुतीच्या बाबतीत उलट घडले. आराखडा जपानी असूनही सुझुकी हे नाव लोकांच्या जिभेवर सहसा आले नाही. 'मारुती' हेच नाव मोटारीचे झाले. गावाच्या वेशीवरचा देव मराठीत पुल्लिंगी; मोटार मात्र गाडी म्हणून स्त्रीलिंगी. 'मारुती आला' आणि 'मारुती आली' या दोन वाक्यांतील एका स्वरामुळे देव आणि वाहन वेगळे होतात. परकी वस्तू आपली कशी होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. ज्या मोटारीत परदेशी तंत्रज्ञानाचा वाटा उघड होता, तिलाच समाजाने अधिक सहजतेने देशी मानले. स्वदेशीपणा कारखान्याच्या मालकीवर किंवा आराखड्याच्या उगमावर नव्हे, तर किती घरांत ती वस्तू पोहोचली यावर ठरतो, असा निष्कर्ष यातून निघतो. मारुती ८०० ची एकूण निर्मिती सुमारे २८ लाखांवर गेली, ही बाब येथे निर्णायक आहे.

समारोप

दोन्ही मोटारींच्या निरोपाची रीतही भिन्न आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे मुंबईच्या रस्त्यावरून नाहीशी झाली. निदान एक पद्मिनी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली. मारुती ८०० ची पहिली गाडी मात्र कंपनीने पूर्ववत करून २०२२ मध्ये आपल्या मुख्यालयात मांडली. एकीला जपण्याची मागणी तिच्यावर पोट असणाऱ्यांकडून आली. दुसरीला तिच्या निर्मात्याने आपल्या यशाची खूण म्हणून जपले. स्मृती कोणाच्या मालकीची असते, हा प्रश्न या भेदातून उभा राहतो. मुख्यालयातील मोटार कारखान्यातून निघाली तशी दाखविली जाते. पद्मिनी तशी दाखविली तर ती अपुरीच राहील, कारण तिचे खरे रूप कारखान्यात नव्हे, तर नंतरच्या दुरुस्त्यांत, बदललेल्या भागांत आणि छपरावरच्या सामानाच्या जाळीत घडले.

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की या दोन मोटारींचा विरोध शासन आणि बाजार यांचा विरोध म्हणून मांडणे इतिहासाला धरून नाही. दोन्ही शासकीय धोरणाच्या निर्मिती होत्या. दुसरा असा, की साचलेपणा हा एकट्या पद्मिनीचा दोष नव्हता. मारुती ८०० नेही तोच मार्ग खुल्या बाजारात चोखाळला. तिसरा आणि महत्त्वाचा निष्कर्ष असा, की दोहोंतील मूलभूत भेद वस्तूविषयीच्या ज्ञानाच्या वाटपाचा आहे. पद्मिनीने मोटार थोड्यांना दिली, पण तिचे ज्ञान पुष्कळांना दिले. मारुतीने मोटार पुष्कळांना दिली आणि तिच्या उत्तरायुष्यात त्या मोटारीचे ज्ञान थोड्यांच्या हाती गेले. यांपैकी एकच बाजू पाहून प्रगतीचा किंवा ऱ्हासाचा निवाडा देणे सोपे आहे. ज्या काळात वाहने अधिकाधिक संगणकाधीन होत आहेत आणि वस्तू दुरुस्त करण्याच्या हक्काविषयी जगभर चर्चा चालू आहे, त्या काळात मात्र वस्तू अनेकांना मिळावी आणि तिचे ज्ञानही अनेकांकडे राहावे, या दोन मागण्या एकत्र मांडल्या जाणे अगत्याचे आहे. पद्मिनी आणि मारुती ८०० यांच्यापैकी एकीने एक, तर दुसरीने दुसरी मागणी पुरी केली. दोन्ही पुऱ्या करणारी मोटार भारतीय रस्त्यावर अद्याप यावयाची आहे.